पाच, पाचवा की पाचपट?



अजिंठ्याची लेणी आमच्या सोयगाव तालुक्यात येतात. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती सहलीत पाहिली असतील. तिथे प्रत्येक लेण्याला क्रमांक आहे. त्यांपैकी चैत्यगृहे, म्हणजे प्रार्थनेसाठी कोरलेली लेणी, पाच आहेत. त्यांचे क्रमांक ९, १०, १९, २६ आणि २९. आता या पाच संख्यांची सरासरी काढा पाहू. बेरीज ९३, भागिले ५, उत्तर १८.६. गणित अगदी बरोबर! पण १८.६ क्रमांकाचे लेणे शोधायचे कुठे?

चूक आकडेमोडीत नाही. या संख्या कोणत्या प्रकारच्या आहेत, हे आपण आधी विचारलेच नाही. मराठीच्या तासाला तुम्ही संख्याविशेषणे शिकता. 'पाच' हे गणनावाचक, 'पाचवा' हे क्रमवाचक आणि 'पाचपट' हे आवृत्तिवाचक. गणिताच्या तासाला मात्र 'वा' आणि 'पट' गळून पडतात आणि उरतो नुसता ५. व्याकरणात शिकलेला हा भेद गणितातही जपला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. कसे ते पाहू.

'चैत्यगृहे पाच आहेत' यातला पाच मोजणीचा आहे. त्यात आणखी मिळवता येतात, त्यातून वजा करता येतात. 'लेणे क्रमांक १०' यातला दहा मात्र केवळ ओळखीसाठी दिलेले नाव आहे. हे लेणे इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकातले, तर लेणे क्रमांक १ इसवी सनाच्या पाचव्या शतकातले. म्हणजे 'एक' हा 'दहा'पेक्षा पाचशेहून अधिक वर्षांनी धाकटा! हे क्रमांक डोंगरातल्या जागेप्रमाणे दिलेले आहेत, वयाप्रमाणे नव्हेत. क्रमांक देऊन झाल्यावर मध्येच एक लहान लेणे लक्षात आले, तेव्हा त्याला '१५ अ' म्हटले. मोजणीच्या संख्येला असा 'अ' कधी जोडता येईल का? १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेला पिन कोड, एस. टी. बसच्या पाटीवरचा नंबर, तुमचा हजेरी क्रमांक, या साऱ्या नावाच्याच संख्या. त्यांची बेरीज करून हाती काहीच लागत नाही.

तिसरा प्रकार मापाच्या संख्यांचा. आमच्या भागात कापूस पिकतो. ४० किलो कापूस हा २० किलोच्या दुप्पट असतो, यात शंका नाही. पण दिवाळीनंतरच्या एखाद्या सकाळी तापमान २० अंश सेल्सिअस असेल आणि मे महिन्यातल्या दुपारी ४० अंश, तर ती दुपार दुप्पट तापलेली म्हणायची का? नाही. काट्यावरचे शून्य म्हणजे पारड्यात काहीच नाही. सेल्सिअसचे शून्य म्हणजे पाणी गोठण्याचा बिंदू. तो माणसाने सोयीसाठी निवडला. त्याच्याही खाली तापमान जातेच. खरे शून्य उणे २७३.१५ अंशांवर आहे. तिथून मोजले तर आपली दोन तापमाने सुमारे २९३ आणि ३१३ केल्व्हिन होतात. वाढ जेमतेम सात टक्क्यांची! तेव्हा 'पट' म्हणण्यापूर्वी शून्य कुठे आहे ते पाहावे.

हे सारे मी तुम्हाला का सांगतो आहे? काही वर्षांपूर्वी अकरावीच्या माझ्या वर्गात एक मुलगा आला. गावच्या शाळेत त्याचा नेहमी दुसरा क्रमांक असे. आमच्याकडे पहिल्याच चाचणीत तो सतरावा आला आणि शाखा बदलण्याचा अर्ज घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. "सर, विज्ञान मला झेपणार नाही." आम्ही दोघांनी गुणांची यादी उघडली. शंभरांपैकी गुणांत पहिला आणि दुसरा यांच्यात नऊ गुणांचे अंतर होते. दुसरा आणि सतरावा यांच्यात अंतर होते अवघे सहा गुणांचे! क्रम सांगणारी संख्या कोण पुढे, कोण मागे एवढेच सांगते. किती मागे, ते सांगत नाही. त्याने यादी दोनदा पाहिली आणि अर्ज घडी करून खिशात ठेवला.

आणि गुण तरी किलोसारखे आहेत का? शून्य गुण म्हणजे शून्य ज्ञान नव्हे. प्रश्नपत्रिका बदला, शून्याची जागा बदलेल. म्हणून ८० गुणांचा विद्यार्थी ४० गुणांच्या विद्यार्थ्यापेक्षा दुप्पट हुशार ठरत नाही. गुण निरुपयोगी आहेत, असे मी म्हणत नाही. तापमापकही उपयोगी असतोच. फक्त त्याच्याकडून काट्याचे काम करून घेऊ नये.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. सरासरी शिकवण्याआधी 'या संख्यांची सरासरी काढता येते का?' हा प्रश्न फळ्यावर लिहावा. त्यात एक तास गेला तरी तो वाया जाणार नाही.

आणि मित्रांनो, उद्याचे वर्तमानपत्र घ्या. पहिल्या पानावरच्या प्रत्येक संख्येखाली मो, क्र, ना किंवा मा लिहा: मोजणी, क्रम, नाव, माप. एखाद्या संख्येवर अडाल, तेव्हा वर्गात भांडा. ते भांडण नक्की उपयोगी पडेल!