यशवंतराव डळमळले कधी?

यशवंतराव चव्हाणांवरचा एक आरोप आता इतका रुळला आहे की तो करताना कुणी पुरावा देत नाही आणि ऐकताना कुणी मागत नाही. ते म्हणे कुंपणावरचे होते. विरोधक हे रागाने म्हणतात, चाहते हळहळून म्हणतात. कराडच्या प्रीतिसंगमावर दरवर्षी होणाऱ्या भाषणांतसुद्धा शेवटी सुस्कारा येतोच की साहेबांनी वेळीच निर्णय घेतला असता तर ते पंतप्रधान झाले असते. मला हा आरोपही मान्य नाही आणि हा सुस्कारा तर मुळीच मान्य नाही. चव्हाणांच्या हातून चुका झाल्या, त्यातली एक फार मोठी आहे. पण ती डळमळीतपणाची नाही. डळमळीत म्हणून त्यांना मोडीत काढणारे आणि डळमळीत म्हणून त्यांना माफ करणारे, दोघेही खऱ्या प्रश्नाला बगल देतात.

सुरुवात संयुक्त महाराष्ट्रापासूनच करायला हवी, कारण शिक्का तिथे बसला. १९५५ च्या अखेरीस फलटणला चव्हाणांनी जाहीर केले की महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची पाळी आली तर आपण नेहरूंकडे राहू. महाराष्ट्र पेटला. त्यांना सूर्याजी पिसाळ म्हटले गेले, पुढे अत्र्यांचा ‘मराठा’ त्यांच्यावर तुटून पडत राहिला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत मोरारजींच्या सरकारच्या गोळ्यांनी माणसे पडली आणि फलटणचे ते वाक्य लोकांना आणखीच झोंबले. ते वाक्य चुकीचेच होते. एका नेत्याच्या मोठेपणापुढे कोट्यवधी माणसांची रास्त मागणी धाकटी ठरवायचा अधिकार कुणालाच नसतो. पण कुंपणावर बसणारा माणूस असे बोलतो का? त्याला त्या दिवसांत गप्प राहणे सर्वांत सोयीचे होते. शंकरराव देव, भाऊसाहेब हिरे यांच्यासारखे काँग्रेसमधले थोर थोर जनमत आणि श्रेष्ठी यांच्यात ओढले जात असताना, अवघ्या महाराष्ट्राचा रोष अंगावर घेऊन हा चाळिशीतला मंत्री आपली बाजू उघड सांगत होता. चूक म्हणा, निर्दय म्हणा. अनिश्चित मात्र म्हणू नका.

पुढचे १९५७ साल बघा. निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला झोडपून काढले आणि खुद्द मुख्यमंत्री चव्हाण कराडमधून जेमतेम निसटले. नोव्हेंबरात प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण करायला नेहरू आले, तेव्हा समितीचे हजारो लोक काळे झेंडे घेऊन वाटेवर उभे होते. मुंबईचे जानेवारी १९५६ मधले रक्त अजून वाळले नव्हते. तरीही त्या दिवशी बंदुका चालल्या नाहीत आणि नेहरूंनी तो जनसमुदाय स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. त्यानंतर द्वैभाषिक मुंबई राज्य चालणार नाही हे दिल्लीच्या गळी उतरवण्याचे काम चव्हाणांनी आतून केले. महाराष्ट्राचा मंगल कलश त्यांनी आणला असे जे म्हटले जाते, ते मला पटत नाही. कलश हुतात्म्यांनी आणला, समितीने आणला. चव्हाणांनी दिल्लीचे दार आतून उघडले. हे श्रेय लहान नाही आणि त्याहून मोठे करायची गरजही नाही. सीमाभागाचे मात्र त्यांना काहीच साधले नाही. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला तेव्हा देशाचे गृहमंत्री तेच होते आणि बेळगाव होते तिथेच राहिले.

ज्या खुर्चीवर निर्णय त्यांच्या हातात होता तिथे त्यांनी काय केले, हे आरोप करणारे क्वचितच तपासतात. मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो जिल्हा परिषदांचा कायदा. १९६० मध्ये वसंतराव नाईकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, १९६१ मध्ये कायदा झाला, १ मे १९६२ ला परिषदा सुरू झाल्या. बळवंतराय मेहता समितीचा भर तालुक्यावर होता. महाराष्ट्राने वजन जिल्ह्यावर टाकले आणि कलेक्टरला परिषदेच्या बाहेर ठेवले. कारभाराला वेगळा मुख्य कार्यकारी अधिकारी दिला. खासदार-आमदारांनाही सभासदत्व दिले नाही. म्हणजे शाळेचे उडालेले छप्पर, मास्तरची बदली, दवाखान्यातली औषधे, पाझर तलावाची जागा या गोष्टींसाठी शेतकऱ्याच्या मुलाला साहेबाच्या कचेरीबाहेर टोपी हातात घेऊन उभे राहण्याचे कारण उरले नाही. तोच सभागृहात बसून हात वर करू लागला. स्वतःच्या हाताखालचे अधिकार, आपल्याच आमदारांची नाराजी पत्करून, खाली देऊन टाकणारा मुख्यमंत्री कच्च्या मनाचा असतो का?

यावर लगेच दुसरा आक्षेप येतो की त्या परिषदांतून, साखर कारखान्यांतून, जिल्हा बँकांतून एका जातीचे राज्य उभे राहिले. ग. त्र्यं. माडखोलकरांनी तेव्हाच जाहीर विचारले होते की हे राज्य मराठ्यांचे की मराठी माणसांचे. चव्हाणांनी मराठी माणसांचे, असे उत्तर दिले आणि ते नुसते तोंडाने दिले नाही. महार वतने खालसा करणारा कायदा त्यांच्याच काळात १९५८ मध्ये झाला. धर्मांतरामुळे अनुसूचित जातींच्या सवलतींना मुकलेल्या नवबौद्धांना त्या सवलती राज्याने दिल्या, आणि केंद्र सरकार त्यासाठी पुढची तीस वर्षे तयार नव्हते. पालकांचे वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आत असेल तर जात न विचारता मुलांची फी माफ झाली. लहानपणी बाप गेलेला, आईच्या कष्टांवर शिकलेला माणूस हे करतो तेव्हा त्यामागे मतांचा हिशेब शोधणे हा हलकेपणा आहे. आक्षेपात तथ्य नाही असे मात्र मी म्हणणार नाही. परिषदा आणि कारखाने ज्यांच्या हाती गेले, त्यांनी पुढे दलितांना आणि शेतमजुरांना आत किती येऊ दिले, हे गावोगावी दिसते. चव्हाणांनी दार बांधले. ते कुणासाठी उघडे राहील याची हमी घेण्याइतके लक्ष त्यांनी दिल्लीला गेल्यावर दिले नाही.

नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनकडून झालेल्या नामुष्कीनंतर कृष्ण मेनन गेले आणि चव्हाण संरक्षणमंत्री झाले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावल्याच्या गौरवगाथेत मला रस नाही. त्यापुढच्या तीन वर्षांतल्या कामात आहे. सव्वाआठ लाखांचे सैन्य आणि ४५ स्क्वाड्रनांचे हवाई दल हे लक्ष्य ठरवून पाच वर्षांची संरक्षण योजना आखली गेली. सेनापती आणि मंत्री यांच्यातला मेननकाळातला बेबनाव त्यांनी संपवला. आणि मग आली १ सप्टेंबर १९६५ ची दुपार. पाकिस्तानचे रणगाडे छांबमध्ये घुसून अखनूरच्या रोखाने निघाले होते. अखनूर पडले असते तर काश्मीरकडे जाणारी वाट तुटली असती. चारच्या सुमारास लष्करप्रमुख जयंतनाथ चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग चव्हाणांच्या दालनात आले आणि विमाने वापरू द्या म्हणाले. १९६२ मध्ये नेमका हाच निर्णय कुणाला घेता आला नव्हता. लढाऊ विमाने जमिनीवरच राहिली होती. विमाने उठली म्हणजे युद्ध वाढणार, हे खोलीतल्या तिघांनाही कळत होते. मंत्रिमंडळाची बैठक बोलवा, पंतप्रधानांना विचारून सांगतो, असे म्हणायला पूर्ण वाव होता. चव्हाणांनी काही मिनिटांत होकार दिला आणि अंधार पडायच्या आत पठाणकोटवरून विमाने उडाली. त्या संध्याकाळी आपली चार व्हॅम्पायर विमाने पडली. निर्णयाची किंमत अशी लगोलग समोर येऊन उभी राहिली तरी मंत्री मागे हटला नाही. ज्यांना चव्हाण निर्णय टाळणारे वाटतात, त्यांनी या एका दुपारचे काय करायचे ते सांगावे.

आता १९६९. राष्ट्रपतिपदासाठी बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळात इंदिरा गांधींना जगजीवनराम हवे होते. चव्हाणांनी संजीव रेड्डींच्या बाजूने मत दिले. काही महिन्यांत पक्ष फुटला तेव्हा मात्र ते इंदिराबाईंकडे राहिले. इथे आरोप करणाऱ्यांना हातात घबाड सापडल्यासारखे वाटते. पण त्यांचा सारा प्रवास एका ओळीत मांडून पाहा. तरुणपणी ते मानवेंद्रनाथ रॉयांच्या विचारांनी भारले गेले होते. महायुद्धात रॉयवादी ब्रिटिशांच्या बाजूला झुकले तेव्हा ते काँग्रेससोबत राहिले. १९४८ मध्ये शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांनी शेतकरी कामगार पक्ष काढला. बहुजन समाजातले त्यांचे कितीतरी सोबती तिकडे गेले, विचारानेही तो पक्ष त्यांना जवळचा होता, आणि तरी ते काँग्रेसमध्येच राहिले. १९५६ मध्ये समितीकडे सगळा महाराष्ट्र गेला, ते राहिले. १९६९ मध्ये जनता कुठल्या काँग्रेसच्या मागे आहे हे बघून त्या काँग्रेसमध्ये राहिले. बहुजनांचे भले सत्तेतूनच होईल आणि सत्ता काँग्रेसमधूनच येईल, हे त्यांनी फार लवकर ठरवले होते. बेरजेचे राजकारण ते म्हणत, तेही या चौकटीच्या आत. पन्नास वर्षांत हा माणूस एका गोष्टीवरून हलला नाही. दोष काढायचा तर या न हलण्यात काढा.

म्हणूनच आणीबाणीचा प्रश्न त्यांच्या बाबतीत अधिक कठोरपणे विचारला पाहिजे. २६ जून १९७५ च्या पहाटे मंत्रिमंडळ बोलावून झाल्या गोष्टीवर शिक्का मारून घेतला गेला. स्वर्ण सिंगांनी निदान एक शंका विचारली. संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र ही चारही मोठी खाती सांभाळलेला आणि त्या दिवशी मंत्रिमंडळातला सर्वांत अनुभवी म्हणावा असा माणूस काही बोलला नाही. भीती होती, पोलीस पाळत ठेवून होते, बोलून काय झाले असते, अशी त्यांच्या वतीने सांगितली जाणारी कारणे मी ऐकली आहेत. पण पुण्याच्या मोहन धारियांनी जयप्रकाशांशी बोला असे आणीबाणीच्या आधीच सांगितले होते आणि मंत्रिपद गमावले होते. चंद्रशेखर काँग्रेसचे असून तुरुंगात गेले. जगजीवनराम उशिरा का होईना, फेब्रुवारी १९७७ मध्ये बाहेर पडले. चव्हाण तेव्हाही राहिले.

डिसेंबर १९७५ मध्ये मराठी साहित्य संमेलन भरले ते कराडला, त्यांच्याच गावात. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. जयप्रकाश तेव्हा मुंबईत जसलोकमध्ये आजाराशी झगडत होते. दुर्गाबाईंनी भर मांडवात त्यांच्या प्रकृतीसाठी सर्वांना उभे राहून प्रार्थना करायला लावली. देशाचे परराष्ट्रमंत्री त्या संमेलनाला हजर होते. ज्या गावात १९३२ मध्ये झेंडा फडकवल्याबद्दल त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली, त्या गावात सरकारला न भिता बोलणारी बाई पाहुणी होती आणि ते सरकार होते. दुर्गाबाईंना पुढे अटक झाली. डळमळीत माणसाला अशा वेळी क्षमा करता येते. त्याला सुचले नाही म्हणता येते. चव्हाणांना सुचले होते, कळत होते. साहित्य वाचणारा, जयप्रकाशांना मानणारा हा माणूस पक्षात राहणे हेच देशाचे हित आहे असे स्वतःला पटवत राहिला, आणि एकोणीस महिने माणसे कोठडीत होती.

१९७८ ते १९८१ चा काळ बोलक्या टीकाकारांचा फार आवडता. जानेवारी १९७८ मध्ये इंदिरा गांधींनी पक्ष फोडला तेव्हा चव्हाण मूळ पक्षात, ब्रह्मानंद रेड्डींच्या काँग्रेसमध्ये राहिले. जुलै १९७९ मध्ये मोरारजींवरचा अविश्वास ठराव त्यांनी मांडला, सरकार गेले, राष्ट्रपतींनी त्यांना सरकार बनवायला बोलावले आणि संख्या जमत नाही असे त्यांनी थोड्याच दिवसांत कळवले. यालाच संधी घालवणे म्हणतात. नसलेले खासदार त्यांनी कुठून आणायचे होते? माझा आक्षेप त्यानंतरच्या चरणसिंगांच्या मंत्रिमंडळातल्या उपपंतप्रधानपदावर आहे. इंदिराबाईंच्या पाठिंब्यावर उभे राहिलेले आणि लोकसभेला सामोरे न जाता कोसळलेले ते सरकार त्यांच्या उंचीला शोभणारे नव्हते.

आणि मग १९८०. इंदिरा लाटेत त्यांचा पक्ष महाराष्ट्रात धुऊन निघाला. साताऱ्याने मात्र यशवंतरावांना इंदिरा काँग्रेसच्या विरोधात निवडून दिले. पक्षांतराचा रोग आटोक्यात आणण्यासाठी लोकसभेच्या १९६७ च्या ठरावानंतर जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष चव्हाणच होते. मतदाराचा कौल एका बाजूने घेऊन दुसऱ्या बाजूला नेणे किती घातक आहे हे त्यांच्याइतके जवळून कुणी अभ्यासले नसेल. १९८१ मध्ये ते इंदिरा काँग्रेसमध्ये परतले. दारात ताटकळावे लागले, मंत्रिपद मिळाले नाही, पुढच्या वर्षी आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद मिळाले. लोभाने गेले म्हणणारे इथे उघडेच पडतात, कारण हाती काही लागण्यासारखे नव्हते. ते गेले ते त्यांच्या जुन्याच निश्चयाने, जनतेने जिला काँग्रेस ठरवले तिथेच आपली जागा म्हणून. पण साताऱ्याच्या मतदाराने लाटेविरुद्ध उभे राहून जे मत दिले होते, ते त्यांनी त्याला पुन्हा न विचारता उचलून नेले. खासदारकीचा राजीनामा देऊन पुन्हा साताऱ्यापुढे उभे राहायला त्यांना कुणी अडवले नव्हते, आणि उभे राहिले असते तर सातारा त्यांना नाकारणार नव्हता.