एकदा ‘याक?’ म्हणून विचारा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ताईकडे तिगावला गेलो होतो. तिगाव मध्य प्रदेशातले, पांढुर्ण्याजवळचे. 2023 मध्ये पांढुर्णा छिंदवाड्यातून निघून वेगळा जिल्हा झाला, सौंसरही त्यातच आले. हा सगळा संत्र्यांचा मुलूख. आपल्याकडे घरात मराठी आणि दाराबाहेर कानडी, तसे तिथे घरात मराठी आणि शाळेत हिंदी. म्हणून ते गाव मला परके वाटत नाही. ताईच्या बोलण्याला आता तिकडचे वळण लागले आहे. पण माया आली की तिच्या तोंडी अजून कानडीच येते.

आमच्या कॉलेजला सुट्टी होती, तिकडच्या शाळा मात्र सुरू झाल्या होत्या. एके दिवशी नववीतला भाचा सकाळी अकरालाच परत आला आणि दप्तर टाकून ओट्यावर बसला.

“गेट बंद केलं मामा. तिसऱ्यांदा लेट झालो. आता बाबाले चिठ्ठी, आन् पुढच्या टायमाले टी.सी.”

“का रे उशीर झाला?”

“बस भरल्याशिवाय निघतच नाही तं मी काय करू?”

त्याचे खरे होते. मध्य प्रदेशातले एस.टी. महामंडळ 2005 मध्ये गुंडाळले गेले, तेव्हापासून खेड्यापाड्यांची भिस्त खाजगी बसवर. सीट भरल्या की ड्रायव्हर निघणार. त्याच दिवशी शाळेजवळ राहणारा, टपरीवर गप्पा मारत बसलेला एक मुलगाही उशिरा पोचला. त्यालाही तीच चिठ्ठी. दोघांना सारखी शिक्षा केली म्हणजे न्याय झाला, असा शाळेचा समज. डायरीत छापलेच होते, ‘उशिराचे कोणतेही कारण ऐकले जाणार नाही.’

ताईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “इरली बिडू.” राहू दे रे, सोड. तेवढ्यानेही त्याचे डोळे भरून आले.

वाचकहो, या धोरणाला हल्ली ‘झीरो टॉलरन्स’ म्हणतात. अमेरिकेत 1994 मध्ये कायदा झाला की, शाळेत बंदूक आणणाऱ्या मुलाला किमान वर्षभर बाहेर काढायचे. बंदुकीसाठी आलेला कडकपणा हळूहळू किरकोळ चुकांनाही लागू झाला. पुढे तिथल्याच मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अभ्यासगटाने 2008 मध्ये सांगितले की, अशा धोरणाने शाळा अधिक सुरक्षित झाल्याचे दिसत नाही. आपण मात्र तो शब्द आता कौतुकाने डायरीत छापतो.

शिस्त नकोच, असे मी म्हणत नाही. मराठीत शिस्त, कानडीत शिस्तु. दोन्ही घरांना ती हवीच आहे. काही गोष्टी तर अजिबात खपवून घेऊ नयेत. रॅगिंग घ्या. महाराष्ट्राचा 1999 चा रॅगिंगविरोधी कायदा चांगला कडक आहे. पण त्यातही तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसले तर विद्यार्थ्याला निलंबित करायचे, असा क्रम आहे. म्हणजे आधी विचारणा, मग शिक्षा. रॅगिंगसारख्या गुन्ह्यात विचारणा होते, आणि दहा मिनिटांच्या उशिराला ती नाही!

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही बंदी आहे. माझा भाचा नववीत, म्हणजे शाळेतून न काढण्याच्या हमीबाहेर. पण नुसत्या कायद्याने तरी काय होते? वसईच्या एका शाळेत सहावीतल्या मुलीला उशिरा आली म्हणून शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप नोव्हेंबर 2025 मध्ये झाला. काही दिवसांतच ती पोर गेली. ‘तुला उशीर का झाला, तुझी तब्येत कशी आहे,’ एवढे विचारायला किती वेळ लागला असता?

आपण दर 1 ऑगस्टला मुलांकडून टिळकांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट वदवून घेतो. मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफले उचलणार नाही. टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी एखादा मुलगा म्हणतो, ‘सर, चूक माझी नव्हती,’ तर आपण त्याला उद्धट ठरवतो.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याबरोबर शाळेत गेलो. मुख्याध्यापक भले गृहस्थ. म्हणाले, “एकाचं ऐकलं तर सगळेच कारणं सांगतील.” मी म्हणालो, “सांगू द्या. खरं कोण आणि थापा कोण मारतो, हे मास्तराला चार दिवसांत कळतं.” ते हसले, आणि त्या दिवशीची चिठ्ठी त्यांनी परत घेतली. नियम मात्र तसाच राहिला.

बाहेर पडताना मला माझाच वर्ग आठवला. मीही अनेक वर्षे दहा वाजून पाच मिनिटांनी दार लावत आलो. खेड्यावरून येणारी एक मुलगी सारखी दाराबाहेर राहायची. हजेरी पंच्याहत्तर टक्के भरली नाही, ती परीक्षेला बसली नाही, पुढे यायचीच बंद झाली. तिच्या गावच्या बसची वेळ बदलली होती, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळले, तेही फार उशिरा. मी तिला एकदाही विचारले नव्हते.

प्रत्येक चुकीला ‘इरली बिडू’ म्हणा, असे मी कुणाला सांगणार नाही. तसे केले तर शाळा चालणार नाही. पण शिक्षेआधी एकदा विचारायला काय हरकत आहे? मराठीत ‘का?’, कानडीत ‘याक?’.

मी आजही दार लावतो. पण तास संपला की बाहेर जाऊन, कोण राहिले होते ते बघतो.