छंदाच्या निमित्ताने : रामाधीनचे कार्ड

अमेरिकेतील मुले बेसबॉलपटूंची चित्रे असलेली कार्डे जमवितात, हे वाचकांच्या कानावर आले असेल. अडीच इंच रुंद व साडेतीन इंच उंच हे त्या कार्डांचे माप १९५७ पासून रूढ आहे. अलीकडे तेथील काही प्रौढ गृहस्थ बालपणीच्या आवडत्या खेळाडूची, कधीच न निघालेली जुन्या धाटणीची कार्डे स्वतःच रेखाटतात. आमच्या नातवानेही संगणकावर तोच उद्योग आरंभिला आणि विचारले, "आजोबा, तुमचा खेळाडू कोण?"

मी म्हणालो, "सनी रामाधीन."

मॉरिशस हे फुटबॉलचे बेट. १९५७ साली, वयाच्या दहाव्या वर्षी, मी क्रिकेटची बॅट पाहिलीही नव्हती. परंतु बैठकेत वृत्तपत्र वाचून दाखविताना काका म्हणाले, "हा त्रिनिदादचा, आपल्यासारखाच गिरमिटवाल्यांचा वंशज." मला तेवढे पुरेसे झाले.

कार्डाची पुढील बाजू सहज जमली. डोक्यावर टोपी आणि मनगटापर्यंत बटणे लावलेल्या बाह्या, कारण त्याचा चेंडू कोणत्या बाजूस वळणार हे भल्याभल्यांना त्या हातावरून उमगत नसे. वाद झाला तो मागील बाजूवरून. नातवास १९५० चा लॉर्ड्सचा सामना हवा होता. त्यात एकवीस वर्षांच्या रामाधीनने १५२ धावांत ११ बळी घेतले आणि वेस्ट इंडीजने इंग्लंडच्या भूमीवर पहिला कसोटी विजय मिळविला. मी १९५७ च्या एजबॅस्टनवर अडून बसलो. पहिल्या डावात ४९ धावांत ७ बळी. दुसऱ्या डावात मे व काउड्री यांनी पॅड पुढे करकरून ४११ धावांची भागी रचली, आणि रामाधीन ९८ षटके, म्हणजे ५८८ चेंडू, टाकीत राहिला. कसोटीच्या एका डावात इतके चेंडू दुसऱ्या कोणीही टाकलेले नाहीत. बळी मिळाले दोन; सामना अनिर्णित. "यात मिरविण्याजोगे काय?" नातू म्हणाला. उसाच्या मळ्यातून सायंकाळी परतणारे वडील त्याने पाहिलेले नाहीत.

मग नाव. वृत्तपत्रे 'के. टी. रामाधीन' असे छापीत. परंतु त्याच्या जन्मनोंदीत नावाच्या जागी केवळ 'मुलगा' असे होते. ती आद्याक्षरे मागाहून चिकटविलेली. रामाधीन २०२२ साली निवर्तला, तोवर जगाने त्यास 'सनी'च म्हटले. आम्ही ती दोन अक्षरे पुसली.

माझ्या पणजोबांचेही एक 'कार्ड' होते. १८६७ च्या कायद्याप्रमाणे मजुरास छायाचित्र लावलेले तिकीट जवळ बाळगावे लागे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरातून त्या छायाचित्राची प्रत मी आणविली होती. नातवाने ती रामाधीनच्याच चौकटीत बसविली, आणि मागे काय लिहावयाचे ते विचारले. नोंदणी क्रमांक लिहावयाचा नाही, इतकेच अद्याप ठरले आहे.