तो डाग मूळव्याधीचा नव्हता

चिखली आगारात 29 वर्षं एसटी चालवली. लेंग्याला मागे पिवळट डाग पडू लागला, तेव्हा बायकोच्या हाती लागू नये म्हणून तो मीच धुवायचो. मूळव्याध समजून भिंतीवरच्या जाहिरातीतल्या एका ‘वैद्या’चं मलम वर्षभर लावलं. त्यानं एकदाही तपासलं नाही! शेवटी बुलढाण्यात सर्जननं बोटानं तपासलं: भगंदर. आतलं गळू फुटून त्याची वाट उघडीच राहिलेली. असा डाग इतर कारणांनीही पडतो: चिकट स्राव मूळव्याधीनं किंवा आतड्याच्या सुजेनं येतो, पू लैंगिक संसर्गानंही. भगंदरामागे कधी क्षय निघतो. न तपासता मलम विकणारा माझ्या लेखी गुन्हेगारच. रक्त दिसलं, पू थांबेना, वजन घटलं, तर डॉक्टर गाठा. ताप, ठणका, सूज असेल तर त्याच दिवशी.