हिरडा, हलेला आणि फिरिश्ता

बहमनी आणि निजामशाहीचा इतिहास लिहिणारा फिरिश्ताचा हवाला दिल्याशिवाय फार पुढे जाऊ शकत नाही. पण हा मुहम्मद कासिम फिरिश्ता वैद्यकाचाही जाणकार होता आणि त्याने भारतीय वैद्यकावर फारसीत एक ग्रंथ लिहिला, हे आम्हा डॉक्टरांनाही सहसा ठाऊक नसते.

त्याचा जन्म सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, कास्पियन समुद्राजवळच्या अस्तराबादचा. वडील त्याला लहानपणीच अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला घेऊन आले. आपल्या छावणीपासून गाडीने दोन-अडीच तासांवर. तिथे ते राजपुत्र मीरान हुसेनला फारसी शिकवत आणि हा पोरगा राजपुत्राच्या जोडीने शिके. १५८८ मध्ये मीरानने बापालाच, मुर्तझा निजामशहाला, गादीवरून खेचले आणि हमामखान्यात कोंडून मारले. या धामधुमीत शहाच्या पहाऱ्यावर फिरिश्ता होता. जुना सहाध्यायी म्हणून मीरानने त्याला सोडले. पुढच्या वर्षी खुद्द मीरानचाच खून झाला आणि फिरिश्ता विजापूरला गेला, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या चाकरीत. तिथे त्याने आपला प्रसिद्ध इतिहास लिहिला. साताऱ्याचा रेसिडेंट राहिलेल्या जॉन ब्रिग्जने १८२९ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर छापले आणि फिरिश्ता ‘इतिहासकार’ म्हणून पक्का झाला.

त्याच्या वैद्यक ग्रंथाचे नाव ‘दस्तूर-उल-अतिब्बा’. युनानी वैद्यक शिकल्यावर तो इथल्या वैद्यांच्या ग्रंथांकडे वळला, ते त्याला भरवशाचे वाटले, आणि या देशात राहून हकिमी करणाऱ्यांना ते कळावेत म्हणून त्याने ते फारसीत मांडले. एकेरी औषधे, मिश्र औषधे, मग रोगांवरचे उपचार, अशी त्याची रचना.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. युनानीत चार अखलात: रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त. आयुर्वेदात दोष तीन, आणि रक्त हा दोष नव्हे तर धातू. म्हणजे हिशेबच जुळत नाही. औषधांची मात्र देवाणघेवाण जुनीच. फिरिश्ताच्या सहा-सातशे वर्षे आधी, तेहरानजवळच्या रय शहरातल्या अल्-राझीने चरक आणि सुश्रुताचे हवाले दिले होते. आपला त्रिफळा तिकडे जाऊन ‘इत्रीफल’ झाला. हिरडा ‘हलेला’ आणि बेहडा ‘बलेला’. आवळा तेवढा ओळखू येतो, ‘आमला’.

ही नावांची गंमत ओपीडीत आली की गंमत राहत नाही. जुलाबांनी बेजार झालेला एखादा म्हातारा बद्धकोष्ठासाठी वैद्याकडचे त्रिफळा चूर्ण घेत असतो आणि हकिमाकडचे इत्रीफलही. दोन वेगळी औषधे म्हणून. वर आमची गोळी. तो सांगत नाही, कारण डॉक्टर रागावतील. आणि आम्ही विचारत नाही, कारण ‘ते काही औषध नव्हे’. पण त्याच पुड्यांमध्ये कधी स्टेरॉइड कुटून घातलेले असते, कधी नीट न बनलेल्या भस्मातून किंवा कुश्त्यातून शिसे पोटात जाते.

२०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की ती वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे आधी ठरवायला हवे होते. माझ्या मते प्रश्न रास्त होता आणि डॉक्टरांची काळजीही रास्त होती. पण चर्चेचे लगेच भांडण झाले, एका पॅथीचे दुसऱ्या पॅथीशी. कोविडच्या दिवसांत काढे पिणाऱ्या लाखो लोकांच्या हाती त्यातून काहीच लागले नाही.

फिरिश्ताला डोक्यावर घ्यायचे कारण नाही. त्याने दुसऱ्याचे ग्रंथ वाचले आणि मांडले; ते औषध खरोखर गुण देते का, हे आज आपण ज्या रीतीने तपासतो तशी रीत त्या काळी नव्हती. जुन्या पोथीत आहे म्हणून औषध खरे, असे मी म्हणणार नाही. पण समोरच्या परंपरेत या मुळीला काय म्हणतात आणि ती कशासाठी देतात, एवढे समजून घेण्याचे कष्ट त्याने घेतले. आमचा एमबीबीएसचा विद्यार्थी साडेचार वर्षांच्या अभ्यासात फारसे घेत नाही.

सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरवर बीपी, शुगर, जुने आजार, ॲलर्जी यांना जागा असते. तिथे आणखी एक ओळ हवी: वैद्य, हकीम, होमिओपॅथ किंवा बाजारातून सध्या काय घेता? ती छापून येईपर्यंत निवासी डॉक्टरांनी तोंडी विचारावे, कपाळाला आठ्या न घालता. आणि तुम्ही तपासणीला येताना घरातले सगळे घेऊन या: गोळ्यांची पाकिटे, चूर्णाचे डबे, छावणीच्या आठवडी बाजारातून आणलेली मुळीसुद्धा. पुडीवर नाव नसेल तर पुडीच आणा.