एका दिवसाची सहल
सुटी जवळ आली कीं घरोघरीं महाबळेश्वराचे बेत होतात. परंतु परभणीहून आगगाडीनें सकाळीं गंगाखेडास जाऊन सायंकाळीं परतावें, हें कितीकांस सुचतें? गोदातीरीचें हें गांव संत जनाबाईंचें जन्मस्थान. नामदेवांच्या घरीं दासी म्हणून राबत असतां त्यांनीं अभंग रचिले, हें मुलांना तेथील घाटावर बसवून सांगावें. जिंतूर तालुक्यांतील चारठाण्याचीं प्राचीन देवळें पुढील सुटीसाठीं राखावीं.

मात्र जनाबाईंच्या गांवीं निघतांना आपल्या घरच्या मोलकरणीस विसरूं नये. गेल्या खेपेस आम्हीच ती चूक केली. मुलांना दासीची थोरवी सांगून परतलों, तों बाई घरीं आमचींच भांडीं घांशीत होती. यापुढें तिचेंही तिकीट आम्ही काढणार आहोंत. वाचकभगिनींनींही काढावें, अशी विनंती आहे.