जुना पियानो : मालही पाहावा, मूळही पाहावे



पूर्वी आपल्या घरांत स्तवनांच्या साथीपुरती हार्मोनियम असली की भागत असे. आता मुले पियानोच्या वर्गाला जातात, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षाही देतात. गतवर्षी आमच्या नातीच्या शिक्षिकेने सुचविले की, साध्या कीबोर्डवर बोटांना बळ येत नाही, आता पियानो पाहा. नवा उभा पियानो लाखांच्या घरात जातो आणि मुलीची आवड टिकेलच याची हमी कोणी देत नाही. म्हणून जुना घेण्याचे ठरले. बँकेत असताना तारण म्हणून आलेली जुनी यंत्रे पुष्कळ तपासली. त्या अनुभवाने एवढे शिकविले होते की, बाहेरच्या पॉलिशवरून मोल ठरवू नये.

पियानोत सुमारे २२० ते २३० तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण १५ ते २० टनांपर्यंत जातो. हा भार बिडाची चौकट पेलते. तिला तडा असेल, तर सौदा तेथेच थांबवावा. तारा ज्या खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात, त्या लाकडात घट्ट बसलेल्या हव्यात. त्या सैल असतील, तर आज लावलेला स्वर लवकरच उतरतो. तारांवरील गंज, हातोड्यांच्या नमद्याला लागलेली कसर आणि लाकडातील वाळवी हे आपल्या दमट हवेतील नित्याचे दोष होत. सर्व ८८ पट्ट्या एकेक करून दाबून पाहाव्यात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पैसे देण्यापूर्वी स्वतंत्र ट्यूनर नेऊन तपासणी करून घ्यावी. त्याचे शुल्क हा खर्च न मानता विम्याचा हप्ता मानावा. उभ्या पियानोचे वजन २०० किलोच्या आसपास किंवा अधिक असते. म्हणून वाहतूक, जिने आणि घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी स्वर लावून घेणे, हे सारे किमतीत मिळवूनच हिशेब करावा.

एका जुन्या बंगल्यात आम्हाला शंभरएक वर्षांचा जर्मन पियानो अत्यंत अल्प किमतीत मिळत होता. ट्यूनरने चौकट, खुंट्या पाहून समाधान व्यक्त केले. मग पांढऱ्या पट्टीवरून नख फिरवून तो म्हणाला, “साहेब, हे हस्तिदंत आहे.” प्रत्येक पट्टीवर आडवा बारीक सांधा होता आणि पृष्ठभागावर लाकडासारख्या पुसट रेषा होत्या. प्लास्टिकची पट्टी अखंड व एकसारखी दिसते. ५२ पांढऱ्या पट्ट्या, आणि त्या सर्व हत्तीच्या दातांनी मढविलेल्या.

घरी बराच वाद झाला. चिरंजीव म्हणाले, “तो हत्ती शंभर वर्षांपूर्वी गेला. आपण नाकारल्याने तो परत येणार आहे का?” प्रश्न रास्त होता. परंतु आपण व्यापारी कुळातली माणसे. ज्या मालाला गिऱ्हाईक मिळते, त्या मालाची किंमत टिकून राहते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. आपल्या शास्त्राने करणे, करविणे आणि अनुमोदणे या तिन्हींचा दोष सांगितला आहे, तो याच व्यवहारज्ञानाने. शिवाय कायद्याचा प्रश्न होताच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने आयात हस्तिदंताच्या व्यापारालाही बंदी केली. वस्तू जुनी आहे एवढ्याने तिची खरेदी-विक्री निर्धास्त होत नाही.

येथे एक प्रामाणिक कबुली द्यावयास हवी. कोणताही पियानो सर्वस्वी निर्दोष नसतो. हातोड्यांवरचा नमदा लोकरीचा असतो, जुन्या यंत्रणेत चामड्याचे तुकडे व सरसही आढळतो. लोकर मेंढी न मारता मिळते. श्वेतांबर साधूंचा ओघाही लोकरीचाच असतो. चामड्याविषयी मात्र मन पूर्ण निःशंक नाही, आणि भावनेतील तबल्याकडे पाहताना आपण ही शंका काढत नाही, हेही खरे. ज्यांना एवढेही नको असेल, त्यांनी वजनदार ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो पाहावा. आरंभीच्या काही वर्षांना तो पुरतो, त्याचा स्वर लावावा लागत नाही आणि पावसाळ्याचीही फारशी चिंता नसते.

आम्ही अखेर प्लास्टिकच्या पट्ट्यांचा जपानी उभा पियानो घेतला. ट्यूनरने अनुक्रमांकावरून त्याचे वर्ष काढले, ते विक्रेत्याने सांगितल्याहून आठ वर्षे जुने निघाले, त्यामुळे किंमत थोडी उतरली. तरीही जर्मन पियानोच्या जवळजवळ दुप्पट पैसे गेले. त्या बंगल्याच्या वृद्ध मालकांना आम्ही नकाराचे कारण स्पष्ट सांगितले. त्यांना पट्ट्या कशाच्या आहेत हे ठाऊकच नव्हते. “माझी आई रोज वाजवीत असे,” एवढेच म्हणून त्यांनी झाकण लावले. तो क्षण मला अजून अवघड वाटतो. निर्णय चुकला असे मात्र वाटत नाही.

पुढील अंकी : मृत्युपत्र आणि नामनिर्देशन यांतील फरक.